डोंगरात सायकल नेण्यापूर्वी

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, त्या काळी सायकल ही कामाची वस्तू होती. दूधवाला, पोस्टमन, कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेला कामगार, कॉलेजात जाणारी मुलगी, सगळे सायकलवर. अशी सायकल घेऊन कुणी मुद्दाम दगडधोंड्यांत घुसला असता, तर घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आज रविवारी पहाटे कोंढव्याच्या रस्त्याला उभं राहिलं, तर बोपदेव घाटाकडे निघालेले आठ-आठ, दहा-दहा जणांचे गट दिसतात. जाड खाचांचे टायर, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर पाण्याची पिशवी. त्यात संगणकावर काम करणारे असतात, डॉक्टर असतात, बँकेतले असतात, नुकतेच निवृत्त झालेलेही असतात. घाट चढून वर गेलं की ही मंडळी डांबरी रस्ता सोडतात आणि कानिफनाथाच्या डोंगराच्या आसपास, सासवडच्या बाजूला, मुरमाड वाटांवर शिरतात. गेली काही वर्षं मीही अशाच एका गटाबरोबर जातो.

त्यामुळे ओळखीतले लोक एक प्रश्न नेहमी विचारतात. "आम्हालाही यायचंय हो, सायकल कोणती घेऊ?" मी सांगतो, सायकल सगळ्यात शेवटी घ्या. हे ऐकून बहुतेक जण हिरमुसतात, कारण दुकानात जाऊन चकचकीत सायकल पसंत करण्यात अर्धी मजा असते, हे मलाही मान्य आहे. पण पहिले चार-पाच रविवार मित्राची मागून न्या, भाड्याची न्या, तीही नसेल तर घरातली गिअरची साधी सायकल ठीकठाक करून सोप्या वाटेवर न्या. पैसे आधी खर्च करायचे ते जिथे जिथे आपलं अंग सायकलला किंवा जमिनीला लागणार आहे, तिथे. म्हणजे डोकं, तळहात, बैठक आणि पाय. असं का म्हणतो, ते माझ्याच एका फजितीवरून सांगतो.

उन्हाळ्याचे दिवस होते. उन्हाळ्यात आपल्याकडचा मुरूम सुटा होतो आणि चाकाखाली ज्वारीचे दाणे पसरल्यासारखा घरंगळतो. एका साध्याशा उतारावर, अगदी चालण्याच्या वेगाने, माझं पुढचं चाक सरकलं. मी उजवीकडे आडवा झालो आणि कानाच्या वरची बाजू एका खडकावर आपटली. उठलो, कपडे झटकले, हसलो. पुढे गेल्यावर एकाने सांगितलं, "काका, हेल्मेट काढून बघा." आतून कपाळापासून मागेपर्यंत चीर गेली होती. वेग म्हणावा तर जेमतेम सहा-सात किलोमीटर. वेग कमी होता म्हणून मी वाचलो, असं मला अजूनही कुणी कुणी सांगतं. ते खरं नाही. सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून जितक्या उंचीवर असतं, तेवढ्या उंचीवरून ते नुसतं खाली आलं तरी दगडाशी पोचेपर्यंत त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास जातो. सायकल उभी असली तरीसुद्धा.

हेल्मेट पहिल्यांदा हातात घेतलं की निराशाच होते. एवढे पैसे दिले आणि आत चक्क थर्मोकोल! पण सगळी करामत त्या थर्मोकोलचीच आहे. डोकं दगडावर आपटतं तेव्हा ते एका क्षणात थांबतं, आणि तेच घातक असतं. थांबायला दोन-तीन सेंटिमीटरचं अंतर मिळालं, तर तोच धक्का कितीतरी सौम्य होतो. थर्मोकोलचे दाणे चिरडले जातात आणि चिरडता चिरडता धक्का पितात. कवठ फरशीवर पडणं आणि गवताच्या गंजीवर पडणं, यात जो फरक तोच इथे. मात्र चिरडलेला दाणा पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसत असलं तरी ते बाद समजायचं. जुनं, कुणाचं तरी वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नये, त्याचंही कारण हेच. उन्हात बंद मोटारीच्या मागच्या काचेजवळ ते ठेवू नये, उष्णतेने आतला थर खराब होतो.

घेताना आत चिकटवलेली चिठ्ठी वाचावी. युरोपचं मानक ईएन १०७८, अमेरिकेचं सीपीएससी. यांतलं एखादं हवं. युरोपच्या चाचणीत हेल्मेट घातलेलं डोक्याच्या आकाराचं वजन साधारण दीड मीटर उंचीवरून लोखंडी ऐरणीवर सोडतात. यावरून हेल्मेट कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे कळावं. ते पडण्यासाठी आहे, ट्रकखाली येण्यासाठी नाही. अलीकडे काही हेल्मेटांच्या आत एक पातळ, किंचित सरकणारा थर असतो. डोकं तिरकं आपटलं की मेंदूला पीळ बसतो, तो कमी व्हावा म्हणून. परवडत असेल तर घ्यावं, पण नसलं तरी अडून राहू नये. हजार-दोन हजार रुपयांतही मानक पूर्ण करणारी हेल्मेटं मिळतात. महाग हेल्मेट हलकं आणि जास्त हवेशीर असतं, एवढंच अनेकदा. मोटारसायकलचं हेल्मेट मात्र इथे चालत नाही, चढावर त्यात माणूस उकडून निघतो.

मापाचं म्हणाल तर शिंप्याची टेप भुवईच्या वर डोक्याभोवती फिरवा आणि तेवढ्या सेंटिमीटरचं हेल्मेट घ्या. ते भुवईच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे. मागे टोपीसारखं कलतं घातलेलं हेल्मेट फोटोत छान दिसतं, पण कपाळ उघडं ठेवतं. हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम दोन बोटं शिरावीत.

आता हात. पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो, त्यामुळे तळहात सोलवटतो. मुरमाचे खडे तळहातात शिरले की ते काढताना काय होतं, हे ज्याचं त्याला माहीत. म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे घालावेत. त्यांचा आणखी एक उपयोग आहे. दोन तास हँडलवर भार देऊन बसलं की अनेकांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जी नस जाते, ती दबल्यामुळे असं होतं. हातमोज्याची गादी थोडी मदत करते, पण हँडल थोडं वर घेणं आणि दर पाच-दहा मिनिटांनी हाताची पकड बदलणं हा खरा उपाय. घरी गेल्यावरही बोटं बधिरच राहिली तर डॉक्टरांना दाखवावं.

बैठकीबद्दल बोलायला लोक लाजतात आणि मग निमूटपणे हाल सोसतात. नवखा माणूस सगळ्यात आधी जेलची मऊ, गुबगुबीत सीट घेतो. अर्धा तास ती छान वाटते. नंतर अंग तिच्यात रुततं आणि जो भार बसायच्या दोन हाडांवर पडायला हवा, तो मधल्या मऊ भागावर, तिथल्या नसांवर येतो. सीट बेताची कडक आणि आपल्या हाडांच्या रुंदीला साजेशी हवी. बायकांना बहुधा थोडी रुंद लागते. गादी हवी ती चड्डीत. सायकलची गादी असलेली चड्डी मिळते, ती घ्यावी, आणि हे स्पष्टच सांगतो, तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. आतल्या सुती कपड्याची शिवण घामात घासते आणि कातडी सोलते. वर सैल अर्धी विजार चढवली की गावातून जाताना संकोच वाटत नाही. ही चड्डी दर वेळी धुवायची, उन्हात वाळवायची. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत बूड दुखणारच, तिकडे लक्ष देऊ नका. बधिरपणा आला तर मात्र सीटची उंची किंवा कल चुकला आहे, असं समजा.

पायांसाठी सपाट, जरा कडक तळव्याचे बूट पुरतात. पळण्याच्या बुटांचा तळ इतका मऊ असतो की पेडल पावलात टोचत राहतं. नाडीचं टोक आत खोचायला विसरू नका, ते चेनमध्ये अडकून भर चढावर आडवे झालेले लोक मी पाहिले आहेत. पेडलला अडकणाऱ्या बुटांच्या वाटेला पहिलं वर्षभर तरी जाऊ नये. आणि चष्मा, बिनरंगी काचेचा. करवंदीच्या जाळ्यांतून जाताना डोळ्याला किती धोका असतो, हे एक फांदी फटकन गालावर बसल्याशिवाय लक्षात येत नाही.

एवढं झालं की मग सायकल.

या खेळाचा जन्म मुळी तापलेल्या ब्रेकच्या वासात झाला आहे. अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी नावाचा भाग आहे. तिथल्या तामाल्पाइस डोंगराच्या परिसरात १९७०च्या दशकात काही हौशी तरुण १९३०-४०च्या सुमाराच्या, फुग्यासारख्या टायरच्या जुनाट सायकली घेऊन मातीच्या उतारांवरून सुसाट खाली यायचे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा, उलटं पेडल मारलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुन्हा उतरायचं तर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं, म्हणजे 'पुन्हा भरा'. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. उतार जेमतेम साडेतीन किलोमीटरचा, पण उंचीत सुमारे चारशे मीटरचा फरक. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्या टोळीतली मंडळी. पुढे ब्रीझने डोंगरासाठी म्हणून वेगळी फ्रेम घडवली, फिशर आणि केली यांनी १९७९ मध्ये अशा सायकलींचा धंदा सुरू केला, आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ जाऊन पोचला.

हा इतिहास सांगायचं कारण आपला सिंहगड. पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत रस्ता साधारण नऊ किलोमीटरचा आणि चढ पाच-सहाशे मीटरचा. म्हणजे रिपॅकपेक्षा जास्तच. चढताना घाम निघतो, धाप लागते, पण चढ माणसाला मारत नाही. धोका उताराला असतो. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो धरलं, तर वरून खाली येताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती साधारण दीड लिटर गार पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. थोडी वारा खातो, उरलेली सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ज्या सायकलींना रिमवर रबरी ठोकळे दाबणारे ब्रेक असतात, त्यांच्या रिमला खाली आल्यावर हात लावून बघा, म्हणजे नका लावू, चटका बसेल. अशा तापलेल्या रिमवर ट्यूब फुटू शकते. म्हणून पैसे ब्रेकवर खर्च करा. चकती असलेले डिस्क ब्रेक हवेत, आणि झेपत असेल तर तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे. ते एका बोटाने लागतात, त्यामुळे बाकीची बोटं हँडल धरायला मोकळी राहतात.

ब्रेक मारण्याचीही रीत आहे. आपल्याला लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं, पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटा पडशील. ते अर्धंच खरं आहे. सायकल थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. दोन्ही हलके दाबायचे, पार्श्वभाग सीटच्या मागे न्यायचा, आणि घसरड्या जागेच्या आधी वेग कमी करून त्या जागेवर ब्रेक सोडून द्यायचा. दाबून धरून उतरू नये, दाबावा, सोडावा, दाबावा, सोडावा. सायकल मागून आणली असेल तर उजवा ब्रेक पुढचा आहे की मागचा, हे सपाटीवरच तपासावं. काही सायकलींना उलटं असतं, आणि हे कळण्याची जागा उतार ही नव्हे.

बाकी सायकलीबद्दल थोडक्यात. पुढच्या चिमट्याला शॉकअॅब्सॉर्बर पुरे. मागेही स्प्रिंग लावलेल्या स्वस्त सायकली दुकानात फार भारदस्त दिसतात, पण त्या वजनाला जड असतात, आणि चढावर तुमची अर्धी ताकद ती स्प्रिंगच खाते. मागचा झोला हवाच असेल तर तो चांगला आणि महागच घ्यावा लागतो. त्याची गरज आपल्या भागातल्या नवशिक्याला नाही. एकवीस गिअर की सत्तावीस, हा प्रश्नही सोडून द्या. सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे, तेवढं बघा. माप मात्र आपलंच हवं. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिलं की आडवी दांडी आणि अंग यांच्यात चार बोटं तरी अंतर राहिलं पाहिजे. मित्राला स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली मोठ्या मापाची सायकल उतारावर आपलं ऐकत नाही.

आता काट्यांकडे वळतो. दख्खनच्या पठारावर सायकलवाल्याचे दोन वैरी. बाभळीचा काटा आणि सराटा. सराटा जमिनीला चिकटून असतो, दिसत नाही, आणि टायरमधून सहज आत जातो. शहरातले लोक टायर टणक होईपर्यंत हवा भरतात. कच्च्या वाटेवर ते चूक आहे. टणक टायर खड्यांवरून उड्या मारतो आणि पकड सोडतो. वजनानुसार तीस-पस्तीसच्या आसपास हवा ठेवली की टायर जमिनीला धरून चालतो. फार कमी केली, तर मात्र दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. ट्यूब नसलेले, आत चिकट द्रव घातलेले टायर आता सर्रास मिळतात. काटा गेला की द्रव भोकात जाऊन सुकतो आणि हवा थांबते. आमच्याकडे हे वरदानच. फक्त आपल्या उन्हाळ्यात तो द्रव दोन-तीन महिन्यांत आटतो, हे कुणी सांगत नाही.

पावसाळ्याचं तंत्र निराळं. काळ्या कातळावर शेवाळ धरतं, तिथे टायर कोणताही असो, उतरून चालणं बरं. आणि काळ्या मातीच्या शेतातून जाणारी वाट भिजलेली असेल तर तिच्या नादी लागू नये. ती माती चाकाला अशी लपेटते की शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं, तीही मातीमुळे दुप्पट जड झालेली.

हे सगळं सामान आपापलं झालं. पण डोंगरात आपण एकटे जात नाही, जाऊही नये. आणि गटात गेल्यावर सामानाचा हिशेब थोडा बदलतो, हे आम्हाला उशिरा कळलं.

एका फेब्रुवारीतली गोष्ट. आम्ही नऊ जण होतो. पुढे मी होतो. त्या दिवशी पाय चांगले चालत होते, आणि पाय चांगले चालायला लागले की माणूस मागे वळून बघत नाही. आमच्यात बँकेतून निवृत्त होत आलेले एक गृहस्थ नवे होते. चढावर ते मागे पडायचे. एका फाट्यावर आम्ही डावीकडे वळलो, 'येतील मागून' असं म्हणून. पुढच्या गावात चहाच्या टपरीवर थांबलो, तेव्हा आठच होतो. शेवटचं त्यांना कुणी कधी पाहिलं, यावर आमचंच एकमत होईना. फोन लावला, तर रेंज नाही.

झालं होतं असं. बाभळीच्या काट्याने त्यांचं मागचं चाक बसलं. त्यांच्याकडे नवी ट्यूब होती, छोटा पंपही होता. पण नव्या ट्यूबची व्हॉल्व होती बारीक, लांब, वर पेच असलेली, परदेशी धर्तीची. पंपाचं तोंड होतं जाड व्हॉल्वचं, मोटारसायकलला असते तसलं. दुकानातून दोन्ही वस्तू चांगल्याच प्रतीच्या घेतल्या होत्या, फक्त एकमेकींना बसत नव्हत्या. ते सायकल ढकलत निघाले, वाटेत एका वाडीवर सायकल दुरुस्त करणाऱ्याचा मोठा पंप मिळाला, तो तर आपल्या साध्या सायकलीचा, त्यानेही काम होईना. पुढे फाट्यावर ते उजवीकडे वळले. अकरा वाजले, ऊन चढलं, पाणी संपलं. मेंढरं घेऊन निघालेल्या एका धनगराने त्यांना आपल्या जवळचं पाणी पाजलं आणि रस्त्याकडे नेऊन सोडलं. आम्हाला ते सापडले तेव्हा एका गावच्या पारावर बसले होते, बूट काढून. कुणी काही बोलेना. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "तुम्ही मोजलं नाहीत का?"

त्यानंतर आमच्यात काही गोष्टी ठरल्या. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला एक जण आणि सगळ्यात मागे एक जण. मागच्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही आणि शेपटाने कुणाच्या पुढे जायचं नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं, शेपूट दिसेपर्यंत हलायचं नाही. आणि जो दमून शेवटी पोचतो, तो पोचल्याबरोबर बाकीच्यांनी निघायचं नाही. हे फार होतं. पुढचे दहा मिनिटं विसावलेले असतात, मागचा येऊन टेकतो न टेकतो तोच सगळे टांग मारतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ती मिळत नाही. चुका आणि पडणं यानंतरच होतं.

सामानही वाटून घेतो. प्रत्येकाकडे आपल्या मापाची ट्यूब, दोन टायर-लिव्हर आणि तासाला अर्धा-पाऊण लिटर या हिशेबाने पाणी. ते पाठीवरच्या नळीच्या पिशवीत असलं तर हँडल न सोडता पिता येतं. पाण्यात थोडं लिंबू, मीठ, साखर. खिशात चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. गटात मिळून एक चेन जोडायचं हत्यार, पान्यांचा एक जुडगा, मलमपट्टी. निघण्याआधी कुणाकडे कोणती व्हॉल्व आणि कोणता पंप, हे बघतो. बारीक व्हॉल्ववर बसवायचं पितळी टोपण मिळतं, ते बसवलं की जाड तोंडाचा पंप चालतो. अगदी किरकोळ किमतीची वस्तू. घरच्यांचा नंबर मोबाइलबरोबर कागदावरही लिहून ठेवतो, कारण पडल्यावर मोबाइल आधी फुटतो. रुग्णवाहिकेचा १०८ सगळ्यांना पाठ हवा. डोक्याला मार लागलेला माणूस तेच तेच विचारायला लागला, त्याला उलटी झाली, तर 'बसू दे जरा, ठीक होईल' म्हणायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि गटात बायका असतील तर स्वच्छतागृहाची सोय असलेल्या थांबायच्या जागा आधीच ठरवाव्यात. हे त्यांना विचारायला लावू नये.

ज्यांच्या वाटा आपण वापरतो, त्यांच्याबद्दलही दोन शब्द. या वाटा आपल्यासाठी केलेल्या नाहीत. त्या गुरांच्या, बैलगाड्यांच्या, शाळेत चालत जाणाऱ्या पोरांच्या आहेत. समोरून मेंढरं आली तर उतरून बाजूला उभं राहायचं. शेताच्या बांधावरून सायकल न्यायची नाही, बांध ढासळतो आणि त्यावरून भांडणं होतात. शहरातल्या टेकड्यांवर पहाटे फिरायला येणाऱ्या वृद्धांच्या मागून आवाज न करता सुसाट जाणं, हा तर निव्वळ उर्मटपणा. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, मग ते भीमाशंकर असो की मयूरेश्वर. आणि सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची कातळाची सपाट पठारं, मोहात पाडतात, पण तिथे सायकल नेऊ नये. कासच्या पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यामुळे तिथलं महत्त्व लोकांना ठाऊक आहे. पण बिननावाच्या सड्यांवरही बोटभर मातीच्या थरात तसलीच फुलं उगवतात. एका पावसाळ्यात चार टायर फिरले की तो थर वाहून जातो.

ते बँकेतले गृहस्थ पुन्हा येणार नाहीत, असं आम्हाला वाटलं होतं. पुढच्याच रविवारी ते पावणेसहाला हजर होते. आता निवृत्त झाले आहेत आणि आमचं कायमचं शेपूट तेच आहेत, स्वतः मागून घेतलेलं. त्यांच्या पिशवीत दोन पंप असतात, तीन मापांच्या ट्यूब असतात आणि ती पितळी टोपणं एका जुन्या चष्म्याच्या डबीत. फाट्यावर ते पोचले की आधी मोजतात, मग पाणी पितात.